इंजिनांचा वानप्रस्थ

‘भंगार’ हा शब्द मराठीत ज्याने प्रथम आणला तो गृहस्थ विवाहित असला पाहिजे, अशी माझी पक्की समजूत आहे. ब्रह्मचारी माणसाच्या खोलीत भंगार कधीच नसते. तिथे असतात त्या ‘वस्तू’. लग्न झाले की पहिल्या दिवाळीच्या साफसफाईत त्याच वस्तूंचे भंगार होते आणि दुसऱ्या दिवाळीपर्यंत त्यांच्या जागी स्टीलचे डबे येऊन बसतात. आमच्या घरात तर यासंबंधी एक अलिखित पण कडक कायदा आहे. वर्षभरात ज्या वस्तूला कुणाचा हात लागला नाही, ती वस्तू दाराबाहेर. “हा नियम माणसांना लागू नाही हं,” असे आमच्या हिने मला एकदा मुद्दाम सांगितले. मुद्दाम सांगावे लागले, यातच काय ते आले.

हे सगळे सांगायचे कारण आगगाडीचे इंजिन. मला वाफेच्या इंजिनांचा नाद आहे. ‘नाद’ हा शब्द आपल्या भाषेत मोठा सोयीचा आहे. आवाजालाही नाद आणि खुळालाही नादच. वाफेच्या इंजिनाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. आणि या नादापायी थोडेफार वाचल्यावर माझ्या असे लक्षात आले, की रेल्वे हेही एक मोठे एकत्र कुटुंबच आहे आणि तिथेही कायदा आमच्याच घरातला आहे. नवे आले की जुने बाहेर.

आता हेच बघा. १६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली. चौदा डबे, चारशेच्या आसपास निमंत्रित, एकवीस तोफांची सलामी, आणि गाडी ओढायला एक सोडून तीन इंजिने: साहिब, सिंध आणि सुलतान. एकवीस मैलांच्या प्रवासाला तीन इंजिने म्हणजे जरा जास्तच. पण मुलगी बघायला निघालेल्या मुलाबरोबर मामा आणि काका असायचेच, त्यातला हा प्रकार. इंग्लंडातल्या व्हल्कन फाउंड्रीत घडवलेली ही तीन इंजिने. त्यांची नावे सामान्यज्ञानाच्या स्पर्धेतल्या पोरांना तोंडपाठ असतात. इंजिने मात्र एकही शिल्लक नाही. तिघांनी आपापली वर्षे काम केले, मग म्हातारी झाली, मग कुणीतरी कुठल्यातरी वहीत एक आडवी रेघ मारली, आणि सुलतानाचे खिळे-मोळे झाले. ज्या तिघांनी या देशाला चाकांवर बसवले, त्यांचा एक नटसुद्धा कुणाला उशाशी ठेवावासा वाटला नाही.

यावर “इंग्रजांचं बघा, ते कसं सगळं जपून ठेवतात” असे म्हणणारी मंडळी प्रत्येक घरात एक असतेच. तेव्हा त्यांच्यासाठी सांगतो. स्टीफन्सनचे ते जगप्रसिद्ध ‘रॉकेट’, १८२९ साली रेनहिलची शर्यत जिंकलेले, ते शर्यतीनंतर कुणी मखरात बसवले नव्हते. त्याला पुढे कोळशाच्या खाणीच्या लाइनवर जुंपले होते. १८६२ साली ते लंडनच्या संग्रहालयात पोचले तेव्हा त्याचे मूळ रूप पार बदलून गेले होते. म्हणजे साहेबाचेही आपल्यासारखेच. आधी राबवायचे, मग विसरायचे, आणि मग आठवण आली की हार घालायचे.

माझा हा नाद नुसताच पुस्तकी राहिला असता. पण आमच्या सोसायटीत तळमजल्यावर ड्रायव्हरकाका राहायला आले. वय ऐंशीच्या घरात. दौंडच्या शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले, फायरमन झाले, ड्रायव्हर झाले आणि शेवटची वर्षे डिझेलवर काढून निवृत्त झाले. डिझेलबद्दल त्यांचे मत फारसे चांगले नाही. “बटण दाबलं की चालतं. त्याला ड्रायव्हर कशाला हवा? लिफ्टमन बसवा!” वाफेचा विषय निघाला की मात्र काकांचा आवाज खाली येतो. घरच्या माणसाबद्दल बोलताना येतो तसा.

काकांनी मला जे पहिले शिकवले ते असे, की वाफेचे इंजिन हे यंत्र नाही. म्हणजे आहे, पण यंत्राला सकाळी उठवावे लागत नाही. थंड पडलेले मोठे इंजिन कामाला लावायचे तर त्याला जवळजवळ एक दिवस द्यावा लागतो. आधी बॉयलरमध्ये पाणी, मग चिंध्या आणि लाकडे, मग थोडा कोळसा, मग वाट बघायची. घाई केली तर एवढे थोरले लोखंड एका अंगाने तापते, दुसऱ्या अंगाने थंड राहते, आणि सांध्यासांध्यातून कुरकुर सुरू होते. “साहेब, थंडीत म्हाताऱ्या माणसाला अंथरुणातून उठवताना घाई करता का? तसंच हे.” काका मला साहेब म्हणतात. मी आयुष्यात कुणाचाही साहेब झालो नाही, म्हणून मीही त्यांना अडवत नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला आजवर कुठल्याही शाळेत कुणी सांगितली नव्हती. इंजिन भकभक करते ते उगाच नाही. सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ धुराड्यातून वर फेकली जाते, आणि जाताना ती भट्टीतली हवा आपल्याबरोबर ओढून नेते. त्या ओढीने खालून ताजी हवा निखाऱ्यात शिरते आणि आग फुलते. चढ आला, इंजिन जास्त कष्ट करू लागले की वाफेचे फटकारे जोरात बसतात, आणि आग आपोआप जास्त भडकते. म्हणजे जितके काम जास्त तितकी ताकद जास्त! हे ऐकून मी थक्क झालो. कारण आमच्या ऑफिसात सगळे याच्या नेमके उलट होते.

“आणि ठोके मोजायचे,” काका म्हणाले. “दोन सिलिंडरच्या इंजिनाला चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके. चारही सारखे पडले पाहिजेत. एक जरी लंगडा पडला, तर समजायचं, वाल्व्हमध्ये काहीतरी बिघडलंय. बघावं लागत नाही, ऐकावं लागतं.” मी इतकी वर्षे ‘झुक झुक’ म्हणत आलो, त्यात तालाचा हिशेब आहे हे तबला शिकलेल्या माणसालाही सुचले नसते.

काकांचे हे शिक्षण घेतल्यावर दिल्लीला जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. चाणक्यपुरीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. १९७७ च्या फेब्रुवारीत उघडले. आमची ही बरोबर होती. ताजमहालाचे आमिष दाखवून तिला दिल्लीपर्यंत आणले होते. फाटकातून आत शिरताच समोर ओळीने उभी असलेली इंजिने बघून ती पाच मिनिटे गप्प राहिली आणि मग म्हणाली, “एवढ्या लांब येऊन शेवटी भंगारच?”

त्या भंगारात एक म्हातारी अशी होती की तिची जन्मकथा ऐकून हीसुद्धा जरा नरमली. तिचे नाव फेअरी क्वीन. १८५५ साली इंग्लंडात लीड्सला जन्म, आणि त्याच वर्षी कलकत्त्याला सासरी रवानगी. ईस्ट इंडियन रेल्वेत तिला आधी नुसता बावीस नंबर होता. नाव मागून मिळाले. सत्तावन सालच्या धामधुमीत तिने लष्कराच्या गाड्या ओढल्या, मग पुढे साधीसुधी कामे केली. १९०९ साली तिला कामावरून काढले आणि हावड्याच्या स्टेशनावर चौथऱ्यावर नेऊन बसवले. तिथे १९४३ पर्यंत ती येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत बसली होती. तिथून उत्तर प्रदेशात चंदौसीला, रेल्वेच्या शिक्षणसंस्थेत. १९७२ साली तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला आणि नंतर संग्रहालयात खास जागा. आणि मग १९९७ मध्ये, निवृत्तीनंतर तब्बल अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, तिला पुन्हा वाफ भरून दिल्ली-अलवर मार्गावर पळवली! दुसऱ्या वर्षी गिनीजच्या पुस्तकात नाव आले: नियमित चालणारे जगातले सर्वांत जुने वाफेचे इंजिन. वेग ताशी चाळीस किलोमीटर. त्या वयात आणखी किती हवा?

“निवृत्तीनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी कामावर?” ही म्हणाली. “आणि तुम्हाला निवृत्त होऊन चार वर्षं झाली तर साधी गिरणीवर पिठाची पिशवी नेववत नाही.”

फेअरी क्वीनची कथा इथेच संपली असती तर ती गोष्ट झाली असती. पण ती आपल्या देशातली आहे. २०११ मध्ये तिचे बरेचसे सुटे भाग चोरीला गेले. नेणाऱ्याच्या लेखी ते तांबे-पितळच. राष्ट्रीय ठेवा वजनावर विकताना दर वेगळा मिळत नाही. मग चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यात कारागिरांनी ते भाग नव्याने घडवले, आणि २०१७ साली म्हातारी पुन्हा चालू लागली. मला तिच्या वयापेक्षा त्या कारागिरांचे कौतुक जास्त वाटले. एकशे साठ वर्षांपूर्वीच्या यंत्राचा भाग बाजारात मिळत नाही, आणि तो कसा करायचा हे विचारायला मूळ कारखानाही उरलेला नाही. तो हातानेच आठवावा लागतो.

त्याच संग्रहालयात आणखी एक चमत्कारिक प्राणी आहे: पतियाळाच्या महाराजांची एका रुळावरची गाडी. १९०७ साली सुरू झालेली. गाडीचा जवळजवळ सगळा भार एका रुळावर, आणि तोल जाऊ नये म्हणून बाजूला एक चाक थेट रस्त्यावर. बहुतेक वेळ ही गाडी खेचरे ओढत. बर्लिनच्या कारखान्यातून चार इंजिनेही आणली होती. १९२७ च्या सुमारास मोटारी आल्या आणि गाडी बंद पडली. सगळे सामान पतियाळातच कुठेतरी रचून ठेवले आणि सगळेजण विसरले. १९६२ साली माइक साटो नावाच्या इंग्रज गृहस्थांना ते सापडले. हे इथे एका रसायनांच्या कंपनीत अधिकारी होते आणि सुट्टीच्या दिवशी जुनी इंजिने शोधत हिंडत. अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात ती गाडी पुन्हा उभी केली, आणि ती चालतेही. आता तुम्हीच विचार करा. त्या पस्तीस वर्षांत एखाद्या कर्तबगार अधिकाऱ्याने ‘हा पसारा काढा’ असा हुकूम सोडला असता तर? तसा कुणी कर्तबगार निघाला नाही म्हणून गाडी वाचली.

यावरून मी एक सिद्धान्त मांडला आहे. ऐतिहासिक वस्तूंच्या जतनाचा पाया आदर नसून आळस आहे. हा सिद्धान्त मी घरी मांडला तेव्हा त्याला प्रतिसाद मिळाला नाही, पण पुरावे माझ्या बाजूचे आहेत. सर्वांत मोठा पुरावा ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात बॅरी या गावी आहे. ब्रिटिश रेल्वेने ऑगस्ट १९६८ मध्ये वाफेला शेवटचा निरोप दिला. शेवटच्या गाडीचे तिकीट होते पंधरा गिनी, म्हणजे निरोपसुद्धा फुकट नाही. तत्पूर्वी आठ-दहा वर्षे इंजिने भंगारात जात होती. त्यांतली सुमारे तीनशे बॅरीच्या डाय वुडहॅम या भंगारवाल्याने घेतली. त्याच वेळी त्याने मालगाडीचे जुने डबेही घेतले होते. डबे फोडायला सोपे, इंजिने फोडायला कटकट. म्हणून त्याने आधी डबे फोडायला घेतले आणि इंजिने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात तशीच उभी राहिली. तेवढ्यात देशभरातल्या हौशी मंडळींनी वर्गण्या काढल्या, आणि एकेक करून दोनशे तेरा इंजिने तिथून सोडवून नेली. इंग्लंडात आज जी जुनी इंजिने धावताना दिसतात त्यांतली कितीतरी या भंगारवाल्याच्या ‘बघू उद्या’मुळे धावताहेत.

आळसाच्या जोडीला दुसरा गुण लागतो तो वेडाचा. ॲलन पेगलर नावाच्या गृहस्थाने १९६३ साली ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे नामांकित इंजिन तीन हजार पौंडांना विकत घेतले. तोपर्यंत ठीक होते. १९६९ साली ते घेऊन तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. दौरा आतबट्ट्याचा ठरला, दिवाळे वाजले, इंजिन अमेरिकेत अडकले, आणि मालक बोटीवरच्या प्रवाशांना आगगाडीच्या गोष्टी सांगून भाडे फेडत मायदेशी परतला. १९७३ साली दुसऱ्या एका धनिकाने ते इंजिन पनामा कालव्यातून परत आणवले. हा प्रसंग मी घरी सांगितला आणि त्यानंतर काही दिवस आमचे बँकेचे पासबुक कपाटात कुलपाखाली होते.

आपल्या मुलखात अशी वेडी माणसे नाहीत असे नाही. पण आपल्याकडे प्रेम आहे ते गाडीवर, इंजिनावर नाही. माथेरानचेच बघा. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशातून आणि अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीतून १९०७ साली नेरळहून ही गाडी वर चढली. तिच्यासाठी जर्मनीतून चार इंजिने आणली. चौघे भाऊ एका वेळचे. पुढे डिझेल आले आणि भावांची पांगापांग झाली. एक दिल्लीच्या संग्रहालयात गेला, एक नेरळच्या स्टेशनाबाहेर येणाऱ्यांचे फोटो काढून घेत उभा राहिला. आणि एक निघाला तो साता समुद्रापार, इंग्लंडातल्या लेटन बझर्ड नावाच्या गावी. तिथे लोकांनी त्याला पुन्हा चालता केला. म्हणजे माथेरानचा मुलगा परदेशात नोकरीला लागला आणि घरचा घरी बसून राहिला. आपल्याकडे हे नवीन नाही.

बार्शी लाइटचेही तेच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरने १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी ही अडीच फुटी लाइन टाकली, तेव्हा अरुंद रुळांवरून एवढे ओझे नेता येते हे पाहून लोक चकित झाले होते. तिचे पुढे पंढरपूर, लातूर, मिरज असे फाटे फुटले. किती पिढ्यांचे वारकरी तिच्यातून विठोबाला गेले असतील, याचा हिशेब विठोबाकडेच. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती लाइन रुंद झाली. व्हायलाच हवी होती. वारकऱ्याला लवकर पोचायचे असते, त्याला इतिहासात बसून जायचे नसते. आता तिची धाव नुसती बोलण्यात उरली आहे.

काकांना मी हे सगळे सांगतो. वेल्समध्ये १९५१ सालापासून तालिलिन नावाची एक छोटी रेल्वे केवळ हौशी लोकांच्या जिवावर चालते, तिथे डॉक्टर-वकील सुट्टी काढून, पदरचे पैसे खर्चून कोळसा मारायला येतात, हे ऐकून काका बराच वेळ हसत होते. “पदरचे पैसे खर्चून? अहो, आम्हाला रात्रपाळीच्या भत्त्यासाठी युनियनकडे जावं लागायचं!” मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, “पण येऊ देत. हात तरी टिकतील.”

काकांचे ते ‘हात’ मला नीट कळले ते एका संध्याकाळी. जवळच्याच एका मोठ्या स्टेशनाबाहेर एक इंजिन चौथऱ्यावर ठेवले आहे. भोवती कुंपण, कुंपणात बोगनवेल, समोर कारंजे, कारंजे बंद. सव्वीस जानेवारीच्या आधी इंजिनाला काळा रंग आणि चाकांना पांढरा पट्टा मारतात. काकांना मी ते दाखवायला नेले. वाटले, म्हातारा खूश होईल. काकांनी चाकापासून वर बघायला सुरुवात केली, धुराड्यापाशी नजर थांबली, आणि ते म्हणाले, “वर झाकण नाही.”

“कसलं झाकण?”

“धुराड्याला. चालू इंजिनाला लागत नाही. हे उभं आहे ना? पावसाचं पाणी सरळ आत जातं. खाली साठतं. बाहेरून रंग मारतायत, आणि ती आतून कुजतेय.” मग बोटाच्या पेराने त्यांनी दोन-तीन ठिकाणी ठोकून पाहिले आणि कान लावला. डॉक्टर रोग्याच्या नातेवाइकांसमोर जसे काहीच बोलत नाहीत, तसे ते त्यानंतर काही बोलले नाहीत.

झाकणासाठी आम्ही संबंधित साहेबांना भेटलो. साहेब सज्जन होते. त्यांनी चहा पाजला. मात्र रंगासाठी तरतूद आहे, कारंज्यासाठी तरतूद आहे, झाकण कुठल्या सदरात घालायचे हा प्रश्न निघाला. अर्ज तीन प्रतींत द्यायचे ठरले. दिला. त्याला आता दोन पावसाळे झाले. मधल्या काळात आमच्या हिने, भंगारात काढलेले एक मोठ्या पातेल्याचे पितळी झाकण माझ्यासमोर आणून ठेवले आणि म्हणाली, “हे बसतंय का बघा तुमच्या त्या धुराड्यावर.” आमच्या संसारात भंगार दाराबाहेर जायच्या ऐवजी परत आत आल्याचा हा पहिलाच प्रसंग. झाकण बसत नाही, लहान पडते. पण अजून ते घरातच आहे.

लोखंड टिकवणे त्या मानाने सोपे आहे, हे मला तेव्हा कळले. लोखंडाला झाकण पुरते. कठीण आहे ते दुसरे. इंग्लंडात पेपरकॉर्न नावाच्या अभियंत्याची एकोणपन्नास उत्तम इंजिने होती. १९६६ पर्यंत एकोणपन्नासच्या एकोणपन्नास मोडीत काढली. मग लोकांना हळहळ वाटली, आणि १९९० साली पन्नासावे नव्याने बांधायला घेतले! अठरा वर्षे लागली, सुमारे तीस लाख पौंड लागले, आणि २००८ मध्ये ‘टॉर्नेडो’ धावले. पण गंमत पुढेच आहे. ज्या देशाने जगाला आगगाडी दिली, त्या देशात तसा बॉयलर बांधून देणारे कुणी मिळेना. बॉयलर अखेर जर्मनीतल्या मायनिंगेनच्या कारखान्यात बांधला, कारण पूर्व जर्मनीत वाफेची इंजिने उशिरापर्यंत चालली आणि तिथल्या कारागिरांचे हात अजून विसरले नव्हते. नकाशे होते, पैसे होते, लोखंड होते. हात नव्हते.

आपल्याकडे अजून आहेत. दार्जिलिंगची छोटी इंजिने अजून कोळसा खाऊन डोंगर चढतात. निलगिरीच्या गाडीसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात वाफेची नवी कोरी इंजिने बांधली, आणि तीही याच शतकात. हरयाणात रेवाडीला १८९३ सालची शेड आहे, तिथे ‘अकबर’सारखी मोठी इंजिने चालू अवस्थेत ठेवली आहेत, त्यांनी सिनेमातही कामे केली. पण चित्तरंजनच्या कारखान्यातून रुंद रुळांवरचे शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर पडले ते १९७० साली. त्याचे नावच होते ‘अंतिम सितारा’. निवृत्तीचा हुकूम बारशालाच! रुंद रुळांवरची वाफेची नेहमीची गाडी १९९५ च्या डिसेंबरात बंद झाली. त्या दिवशी पंचविशीत असलेला फायरमन आज पन्नाशी ओलांडून गेला. काका तर केव्हाच ऐंशीजवळ. त्यांचा उजवा हात अलीकडे कापतो. चहाची बशी धरली की कप वाजतो. “चार ठोके सारखे पडत नाहीत,” असे तेच म्हणतात आणि तेच हसतात.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मात्र त्यांनी एक उद्योग काढला. पार्किंगच्या फरशीवर खडूने एक मोठा चौकोन काढला, ही भट्टी. दोन पावलांवर एक रेघ, ही उभे राहायची जागा. त्यांच्याकडे दौंडपासून जपलेला एक बेलचा आहे. सोसायटीतली सात-आठ पोरे गोळा केली, कोळशाच्या जागी कागदाचे बोळे. आणि शिक्षण सुरू झाले. “पहिला मागच्या डाव्या कोपऱ्यात. दुसरा मागच्या उजव्या. मग कडेकडेने पुढे. मध्ये ढीग नको! थोडा-थोडा मारायचा, पुन्हा पुन्हा मारायचा. धूर काळा आला की समजायचं, कोळसा फुकट गेला. फिक्कट करडा आला पाहिजे.” चौथीतली एक मुलगी तर इतकी तयार झाली की तिचा बोळा बरोबर कोपऱ्यात जाऊन पडतो. ती बेलचा वळवते तेव्हा मनगटाला जो हलका झटका देते, तो मी काकांच्या हातात पाहिला होता. कापरा हात आणि तो झटका एकाच माणसाचा आहे हे तिला ठाऊकही नसेल.

एकाने विचारले, “आजोबा, पण इंजिन कुठंय?”

“ते बघू नंतर,” काका म्हणाले. “तू पाय नीट ठेव आधी. चालत्या इंजिनावर असा उभा राहिलास तर रुळावर पडशील.”

मी गॅलरीतून हे बघत होतो. मनात मोठे भारावलेले काहीतरी येऊ लागले होते, एवढ्यात शेजारी येऊन ही खाली वाकून ओरडली, “पोरांनो, खेळून झालं की बोळे मोजून वर आणून द्या! महिन्याची रद्दी आहे ती, उद्या रद्दीवाला यायचाय!”

संध्याकाळी पोरांनी एकशे बारा बोळे आणून दिले. हिने ते मोजून घेतले, एका पिशवीत भरले, आणि पिशवी दाराबाहेर न ठेवता खुंटीला टांगली. “रोज रोज कुठं नवे करत बसतील,” ती म्हणाली.